राहणे-जेवणे निरंक

शैलजाआक्कांना दातांसाठी सांगलीला येण्यात पावणेनऊ लाखांचा फायदा होता. आकडा माझा नव्हे. आक्कांच्या यजमानांनी, म्हणजे आमच्या दाजींनी, ओहायोत बसून कॉम्प्युटरवर तक्ता केला होता, आणि माझ्या नवऱ्याने तो आपल्या वह्या-पुस्तकांच्या दुकानातल्या प्रिंटरवर छापून दुपारच्या जेवणाला ताटाशेजारी आणून ठेवला होता.

"बघ," चंद्रकांत म्हणाले. "याला म्हणतात काम."

मी तेव्हा ज्युनिअर कॉलेजात पुस्तपालन शिकवत होते, त्यामुळे घरात कुठलाही आकडा आला की तो आधी माझ्यासमोर हजर होई. तक्ता चांगला होता. डावीकडे तिकडचा खर्च: वरचे पुढचे सहा दात, त्यासाठी हाडात बसवायचे चार स्क्रू, वर पूल, सगळे मिळून पावणेतेरा लाख. उजवीकडे इकडचा: डॉक्टरचे दोन लाख ऐंशी हजार, विमानाचे पासष्ट, औषधं-रिक्षा-फोन पंचवीस, नातेवाइकांना द्यायच्या वस्तू तीस. बेरीज चार लाख. स्क्रू हाडात धरेपर्यंत काही महिने थांबावं लागतं. मध्ये परत जाऊन पुन्हा यायचं तर दुसरं तिकीट पडतं. म्हणून आक्का एकदाच येणार होत्या आणि काम पुरं होईपर्यंत राहणार होत्या. तक्त्याला दाजींनी मथळा दिला होता, 'परदेश दौरा'.

"परदेश म्हणे," मी म्हटलं. "सांगलीतलं विश्रामबाग."

"अगं, त्यांच्या बाजूनं परदेशच की."

सगळ्यात खाली एक ओळ होती. राहणे-जेवणे. त्याच्यापुढे चंदू, आणि रकमेच्या जागी आपल्या सरकारी कागदावर जे लिहितात ते, निरंक. चंद्रकांत त्या ओळीवर इतके खूष होते की बोटाला लागलेलं कालवण तिथे कागदावर उमटलं. बहिणीच्या हिशोबात आपलं नाव आलं, एवढंच त्यांना दिसत होतं. मला शून्य दिसत होतं. कालवणाचा डाग आणि शून्य, दोन्ही बघायला सारखेच गोल.

एक गोष्ट आम्हाला तेव्हा माहीत नव्हती, ती तुम्हाला आत्ताच सांगते, म्हणजे पुढे आक्कांवर फार हसाल तेव्हा ती लक्षात राहील. ते चार लाख त्यांच्याकडचे शेवटचे होते. बेरीज वर गेली असती तर दात अर्धे टाकून त्यांना परत जावं लागणार होतं, आणि दातांशिवाय परत जाऊन चालणार नव्हतं.

आक्का आल्या त्या थंडीत. पंचाहत्तर-ऐंशी वाटणारी बाई साठीचीही नव्हती. वरचे दोन दात पडलेले, उरलेले हलत होते. हिरड्यांचं जुनं दुखणं. बोलताना डावा हात तोंडापुढे यायचा. हसताना तर दोन्ही. लग्नाआधी म्हणे त्या एवढ्या मोठ्यानं हसायच्या की सासूबाई म्हणायच्या, शैला हसली की हळदीच्या बाजारात भाव थांबतो. मी ते हसणं ऐकलेलंच नव्हतं. मी या घरात आले तोवर आक्का अमेरिकेत होत्या, आणि मधल्या फेऱ्या लग्नं-मयतीच्या, घाईच्या.

चिक्कूपणा मात्र भरपूर पाहिला. चॉकलेटं वाटायला आणलेली, ती मोजून, माणशी तीन. झिपच्या पिशव्या धुऊन दोरीवर वाळत घालायच्या. रिक्षावाल्याशी हुज्जत तर अशी, की स्टँडवरचे लोक त्यांना ओळखू लागले. तो तीस म्हणाला की या वीस म्हणणार, तो पंचवीसवर आला की या खाली उतरून चालायला लागणार, आणि तो मागून हॉर्न वाजवत येणार. शेजारच्या काकू मला म्हणाल्या, डॉलरवाले असेच असतात हो, म्हणून तर डॉलर साठतो. मी मान हलवली. माझ्याही डोक्यात दुधाचा हिशोब चालू होताच. आक्कांना मऊ लागायचं, खीर, आंबील, दूधभात, आणि गवळ्याचं माप दीड लिटरने वाढलं होतं.

भाकरीचा प्रकार मात्र मला हिशोबात बसवता येत नव्हता. मी तव्यावरून भाकरी टम्म फुगवून काढली की आक्का जिथे असतील तिथून स्वयंपाकघराच्या दारात यायच्या. आमच्याकडे त्या वरच्या पातळ कडक पदराला पापुद्रा म्हणतात. आक्का तो अलगद सोडवून घ्यायच्या, वास घ्यायच्या आणि चंद्रकांतच्या ताटात ठेवायच्या. मग उरलेली भाकरी दुधात कुस्करायला बसायच्या.

"लहानपणी ह्याच्यावरून आमची मारामारी व्हायची," एकदा त्या मला म्हणाल्या, हात तोंडापुढे धरून. "आता बघ, न भांडता मिळतोय त्याला."

डॉक्टर अभिनंदन मगदूम चंद्रकांतच्या वर्गमित्राचा मुलगा. हाताला हलका, बोलायला मोकळा. पहिल्या तपासणीला आम्ही दोघेही बरोबर गेलो होतो. आक्का आत खुर्चीत होत्या, आणि डॉक्टरांनी आम्हाला शेजारच्या केबिनमध्ये बोलावून एक्स-रे उजेडावर धरला. आपल्याकडे रोग एकाला होतो आणि सांगतात घरच्यांना, तशी ती पद्धत.

वरच्या जबड्यात हाड पातळ झालं होतं. स्क्रू नुसता घातला तर धरणार नाही, आधी हाडाची भर घालावी लागेल, असं ते म्हणाले. तक्त्यात ते नव्हतं, कारण तिकडून पाठवलेल्या जुन्या फोटोत ते दिसलं नव्हतं.

"किती?" चंद्रकांतनी विचारलं.

"वेळ की पैसे, काका?"

"पैसे."

"नव्वदच्या घरात जाईल."

केबिनच्या दाराला काच होती. पलीकडे आक्का छातीवर निळा कागद लावून बसल्या होत्या. शाळेतल्या मुलीसारखे पाय जोडलेले. पर्स मांडीवर घट्ट धरलेली. चंद्रकांत बराच वेळ तिकडे बघत राहिले.

"तिला दोन लाख ऐंशीच सांग," ते म्हणाले.

"आणि हाडाचं विचारलं तर? त्या सगळं विचारतात. मघाशी मला हातमोज्यांचा दर विचारला."

"त्याच पैशात येतं म्हण. तुझ्याकडे पद्धतच तशी आहे म्हण. वरचं मी आणून देतो."

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मी एक्स-रेकडे पाहिलं.

घरी परत येताना मी विचारलं, कुठले नव्वद? ते म्हणाले, पोस्टातले. पोस्टातल्या त्या खात्याला आमच्या घरी नाव होतं, अमेरिका. आक्का दर फोनवर म्हणायच्या, एकदा या की रे दोघं, आणि आम्ही दर महिन्याला थोडं थोडं टाकून लाखाच्या थोडं पुढे आलो होतो. पासपोर्टसुद्धा काढून ठेवले होते, फोटोत दोघेही चोरासारखे दिसणारे.

"अमेरिका कुठं पळून चाललीय का?" चंद्रकांत म्हणाले.

"अमेरिका नाही. आपली वयं चाललीत."

"कुमुद, बहीण दातासाठी माहेरी आली आणि पैसे कमी पडले म्हणून बोळक्यानं परत गेली, हे ऐकून घेत मी हरभट रोडवर दुकान उघडू?"

खातं दोघांच्या नावावर होतं. मी सही केली. डॉलरवाल्या बाईला आम्ही रुपयातून मदत करतो आहोत, हे वाक्य तेवढं मी मनात दोन-तीनदा म्हणून घेतलं. माझ्या विद्यार्थ्यांनी अशी नोंद केली असती तर मी लाल शाईने गोल केला असता.

पुढचे महिने आक्का हवेत होत्या. हाडाची भर 'त्याच पैशात' आली, हा त्यांना स्वतःचाच विजय वाटला. आपण हातमोज्यांचा दर विचारला म्हणूनच डॉक्टर जागेवर आला, अशी त्यांची खात्री. तपासणीला दवाखान्यात जायच्या तेव्हा त्या नंबरापेक्षा तासभर आधी पोचायच्या आणि बाकड्यावरच्या बायकांना शिकवायच्या. बोन ग्राफ्ट वेगळं लावू देऊ नका, ते आतच धरलेलं असतं. विचारायचं ठणकावून. लाजायचं नाही. तिकडे अमेरिकेत सगळं लेखी विचारतात.

त्यांची सगळ्यात आज्ञाधारक शिष्या होती तासगावच्या जगदाळेबाई. घरचा बेदाण्याचा व्यापार, अंगावर सोनं, तोंडात कवळी सैल. त्या आक्कांचं बोलणं कीर्तनासारखं ऐकायच्या. आक्कांच्या जबड्यातले स्क्रू एव्हाना पक्के धरले होते, आणि उन्हाळा सुरू झाला तेव्हा दातांची मापं घेण्याचा दिवस आला. त्यांना तोवर तात्पुरती कवळी दिली होती. चंद्रकांत दुकानात होते, म्हणून मी बरोबर गेले.

आम्ही पोचलो तेव्हा जगदाळेबाई आत होत्या. थोड्या वेळाने केबिनचं दार उघडलं आणि त्या पदर कमरेला खोचतच बाहेर आल्या.

"आवं आक्का, तुमी सांगितल्यागत मी ठणकावून विचारलं," त्या म्हणाल्या. "डॉक्टर म्हंत्यात, हाडाचं नव्वद हजार जादा. तुमाला न्हाई लावलं, मग मलाच का?"

आक्का उभ्या राहिल्या. ती वेळ त्यांची होती. दवाखान्यात सात-आठ माणसं बसली होती. डॉक्टर जगदाळेबाईंच्या मागून दारात आलेले.

"डॉक्टर, हे बरोबर नाही," आक्का म्हणाल्या. हात तोंडापुढे होता, पण आवाज खणखणीत. "माझ्याकडून तुम्ही एक रुपया जास्त घेतला नाही. मग ह्यांना का लावता? खेड्यातल्या आहेत म्हणून?"

"न्हाई तर काय," जगदाळेबाई म्हणाल्या. "अमेरिकेच्या बाईला स्वस्त आन तासगावच्या बाईला महाग. ह्यो कुठला न्याय? मी भाईर जाऊन चार लोकास्नी सांगनार हाय."

बाकड्यावर कुजबुज सुरू झाली. एक गृहस्थ आपली फाईल उघडून बघायला लागले. डॉक्टर मगदूमांनी माझ्याकडे पाहिलं, आणि या खेपेला बघायला माझ्यासमोर एक्स-रे नव्हता. मी पायातल्या चपलेकडे पाहिलं. सहा वर्षांत जमवलेला दवाखाना होता त्यांचा. तो एका वाक्याने वाचणार होता.

"काकू, मी सगळ्यांना एकच दर लावतो," ते हळूच म्हणाले. "ह्यांचेही घेतलेत. ह्यांच्या भावानं भरलेत."

आक्का खाली बसल्या. जगदाळेबाईंना आपण काय केलं ते कळलं असावं, कारण त्या एकदम बारीक आवाजात म्हणाल्या, बरं झालं बाई, भाऊ हाय तुमाला. मग आमच्यापाशी पाण्याची बाटली ठेवून त्या निघून गेल्या.

आक्का मापं न देताच बाहेर पडल्या. रिक्षावाल्याने चाळीस सांगितले आणि आक्कांनी चाळीस दिले. तेव्हा मात्र मी घाबरले.

घरी आल्यावर त्यांनी माळ्यावरची बॅग खाली काढायला सांगितली. तिकिटाची तारीख बदलायला काय पडतं ते फोन करून विचार, म्हणाल्या. मी म्हटलं, आता नुसती मापं आणि दात चढवणं राहिलंय, अवघड ते सगळं झालं.

"कवळीवर भागतं," त्या म्हणाल्या. "डॉक्टरचे अर्धे द्यायचे राहिलेत. एक लाख चाळीस हजार. त्यातले नव्वद चंदूला देते, पन्नास घेऊन जाते. दात नाहीत तर डॉक्टरला देणं नाही. कुणाचं कुणाकडे काही राहत नाही."

हिशोब चोख होता. मी त्यात चूक काढू शकले नाही, म्हणून मला राग आला.

"आक्का, तुमच्या तक्त्यात पावणेनऊ लाख वाचलेत," मी म्हटलं. "त्यातले नव्वद हजार गेले तर काय आभाळ कोसळतं? नाहीतर तिथून मागवा."

त्या पलंगाच्या कडेवर बसल्या होत्या, बॅगेचं कुलूप हातात.

"कुठून मागवू? ते कुठंच नाहीत. नसलेले पैसे वाचवलेत आम्ही, कुमुद."

मग त्यांनी सांगितलं, आवाज न चढवता, गवळ्याचा हिशोब द्यावा तसं. दाजींची नोकरी गेल्याला वर्ष उलटून गेलं होतं. नोकरीबरोबर विमाही गेला. तिकडे दाताचं बिल बघूनच दाताला कळ यावी अशी स्थिती. आक्कांना घराजवळच्या एका शाळेच्या ऑफिसात काम मिळण्यासारखं होतं, दारातच बसायचं, येणाऱ्या आई-बापांशी बोलायचं. ते मिळालं तर दोघांनाही विमा. आधी एकदा त्या मुलाखतीला जाऊन आल्या होत्या.

"बाई चांगली होती. मला म्हणाली, घाबरू नका, जरा हसा. मी हात खाली घेतला नाही. ती मग माझ्याऐवजी खिडकीकडे बघून बोलायला लागली." कुलूप त्यांनी उघडलं, परत लावलं. "मे महिन्यात परत बोलावलंय. दाजींनी गाडी विकली, होतं नव्हतं ते गोळा केलं. चार लाख झाले. मग त्यात काय काय बसतं ते शोधलं, तर सांगली बसली."

"एवढं सगळं होतं तर सांगायचं नाही होय?"

"चंदूला? त्यानं दुकान विकलं असतं."

हे खरं होतं.

"त्या तक्त्यात मला सगळ्यात जड काय गेलं, सांगू? तुमची ओळ. दाजी म्हणत होते, जेवणाचं काहीतरी धरू. मी म्हटलं, नको, चंदूला राग येईल. साठीला आलेली बाई भावाकडे एवढे महिने फुकट जेवणार. ते शून्य घालायला मला दोन दिवस लागले. तेवढं एक घ्यायचं, असं ठरवून आले होते. त्याच्यावर आता नव्वद हजार. नाही झेपत मला. दान घेऊन बसवलेल्या दातांनी मी हसणार कशी?"

मी उठून आत गेले आणि चहा ठेवला. पुढचं बोलायला हातात काहीतरी असावं लागतं. आमच्याकडच्या घरांत एक विषय असा असतो, की तो भावाच्या बायकोने कधी काढायचा नसतो. बहिणीने काढला तर घर कोर्टात जातं. बायकोने काढला तर ती वेडी. मी चहाचे कप घेऊन आले आणि तो काढला.

"आक्का, हे घर कुणाचं?"

"तुमचं."

"कागदावर. त्याच्या आधी?"

सासरे गेले तेव्हा हे घर आणि मागची जागा त्यांच्या स्वतःच्या कमाईची होती. त्यात मुलीचा हिस्सा मुलाएवढाच. पण आपल्याकडे बहिणी हक्कसोडपत्रावर सही करतात, आणि भाऊ त्यांना साडी नेसवतो. आक्का अमेरिकेला निघायच्या तयारीत होत्या, चंद्रकांतचं लग्न ठरलं होतं, आणि येणाऱ्या सुनेला घर मोकळं मिळावं म्हणून त्यांनी सही केली. सासूबाई हे सगळ्यांना कौतुकाने सांगायच्या, माझ्या शैलानं एका साडीवर सही केली, कप सुद्धा खाली ठेवला नाही. मी ते इतक्यांदा ऐकलं होतं की नळाच्या पाण्यासारखं झालं होतं. ऐकू यायचं, पण लक्ष जायचं नाही.

"तुमच्या हिश्श्याची आज काय किंमत आहे माहीत आहे?" मी म्हटलं. "समोरचा प्लॉट गेल्या दिवाळीत गेला. त्या दराने तुमच्या वाट्यात असे सहा दात नाहीत, अख्खा दवाखाना येतो. आणि तुम्ही मला दान म्हणून सांगता?"

"कुमुद."

ही हाक आक्कांची नव्हती. चंद्रकांत जेवायला आले होते आणि दारात उभे होते, एक चप्पल पायात, एक हातात. किती वेळ उभे होते कोण जाणे.

"हे काय काढलंस?"

"तुम्ही बसा," मी म्हटलं. "हिशोब चाललाय."

ते बसले नाहीत. आक्कांनी नजर जमिनीला लावली होती. एवढ्या वर्षांत त्या दोघांमध्ये हा शब्द आलेला नव्हता, आणि आता तो माझ्यामुळे खोलीच्या मधोमध बसला होता.

"साडी कसली होती?" मी आक्कांना विचारलं.

"इरकल," त्या म्हणाल्या. "हिरवी. पहिल्या धुण्यातच रंग गेला."

चंद्रकांतनी हातातली चप्पल खाली ठेवली.

"आक्का," ते म्हणाले, "तू सही करत होतीस तेव्हा पेन चालत नव्हतं. मी झटकून, शर्टाला पुसून, परत तुझ्या हातात दिलं. त्या दिवशी मी एवढंच केलं. तुला एकदा विचारलंसुद्धा नाही, की तुला हे करायचंय का. पंचवीस वर्षं मला ते पेन आठवतं."

"तुला आठवतं होय ते? शाईनं शर्ट खराब झाला म्हणून आईनं तुला रागावलं होतं."

"नव्वद हजार त्याचे होते. दान कसलं. व्याज सुद्धा नाही ते."

मी गॅस बंद करायला विसरले होते, स्वयंपाकघरात उरलेला चहा उतू गेला होता आणि त्याचा जळका वास येत होता. मला वाटलं, संपलं, आता एकतर भांडण नाहीतर रडणं. आक्कांनी बॅगेचं कुलूप शेजारी ठेवलं आणि चहाचा कप दोन्ही हातांत घेतला.

"मग मी कोर्टात जाऊ म्हणतोस?"

"जा की. पण दात बसवून जा. तिथं उलटतपासणी असते, तोंडावर हात धरून चालत नाही."

आक्का हसायला लागल्या. दोन्ही हात सवयीने वर निघाले आणि मध्येच थांबले, कारण त्यांत गरम कप होता. तात्पुरती कवळी सुटून अर्धी बाहेर आली, आणि त्या तशाच हसत राहिल्या. हळदीच्या बाजाराबद्दल सासूबाई थोडं वाढवून सांगत, पण फार नव्हे.

दुसऱ्या दिवशी त्या स्वतः जाऊन मापं देऊन आल्या. रिक्षावाल्याला वीस दिले. दात बसले त्या दिवशी मी मुद्दाम भाकऱ्या केल्या. पहिली फुगली तशी आक्का दारात आल्या, पापुद्रा सोडवला, चंद्रकांतच्या ताटाकडे पाहिलं, आणि तिथेच उभ्या राहून खाल्ला. कुर्रकन आवाज झाला. चंद्रकांत म्हणाले, अर्धा तरी द्यायचास. त्या म्हणाल्या, भांड मग.

निघताना मी ओटी भरली आणि माहेरवाशिणीला द्यायची म्हणून साडी पुढे केली, पक्क्या रंगाची, दुकानदाराकडून दोनदा खात्री करून आणलेली. आक्कांनी ती हातात घेतली, उलटून पाहिली आणि गंभीर चेहऱ्याने विचारलं, "आता कशावर सही करायची?"

त्यांना ती शाळेची नोकरी लागली. निवृत्त होईपर्यंत त्या त्याच खुर्चीवर होत्या. पहिल्या वर्षीचा एक फोटो त्यांनी पाठवला होता, टेबलामागे बसलेल्या, दोन्ही हात टेबलावर.

आम्ही अमेरिकेला गेलो नाही. पोस्टात पुन्हा खातं काढलं होतं, पण मग दुकानाचं छत आलं, चंद्रकांतचे गुडघे आले. पासपोर्टांची मुदत कोरी गेली.

माझी सवय जात नाही, म्हणून शेवटी सगळं मांडून ठेवते. विमानाचे आणि डॉक्टरचे दाजींच्या गाडीने भरले. त्यानंतरचे दोन हिवाळे दाजी शेजाऱ्याच्या गाडीतून बाजारहाट करत होते. हाडाचे नव्वद हजार आमच्या अमेरिकेने भरले. जगदाळेबाईंना डॉक्टरांनी नंतर वीस हजार सोडले. ते डॉक्टरांनी भरले, आणि पुन्हा कुणाचं गुपित ठेवायचं नाही असं ठरवलं म्हणे. राहिली शेवटची ओळ. राहणे-जेवणे. दाजींनी तिथे निरंक लिहिलं होतं, मीही इतके महिने दूध मोजत तेच धरून चालले होते. ते चूक होतं. ती रक्कम आक्कांनी भरलेली होती. आगाऊ, एकरकमी, मी या घराचं माप ओलांडायच्या महिनाभर आधी.